उसनी रक्कम परत न मिळाल्यास न्यायालयातील मार्ग

भातशेतीचा हंगाम, लग्नकार्य, आजारपण किंवा घराचे बांधकाम अशा निमित्ताने ओळखीच्या माणसाकडून रक्कम उसनी घेण्याची प्रथा कर्जत आणि खालापूर या रायगड जिल्ह्यातील दोन्ही तालुक्यांत आजही रूढ आहे. व्यवहार बहुधा विश्वासावर होतो. कागद असलाच तर एखादी वचनचिठ्ठी किंवा सही केलेला धनादेश. ऋणकोने शब्द मोडला की धनकोपुढे कायद्याचे अनेक मार्ग खुले असतात. मात्र प्रत्येक मार्गाला मुदत आणि अटी आहेत. त्या न पाळल्यास खरे असलेले येणेही न्यायालयातून वसूल होत नाही.

मुदत तीन वर्षांची

मुदतीचा कायदा, १९६३ नुसार उसन्या रकमेच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत दाखल करावा लागतो. परतफेडीची तारीख लेखी ठरली असेल, तर मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. 'मागाल तेव्हा देईन' अशी बोली असेल, तर ती रक्कम दिल्याच्या दिवसापासूनच सुरू होते. मागणी केल्यापासून मुदत धरली जाते, हा समज चुकीचा आहे आणि अनेक दावे त्यामुळेच फेटाळले जातात. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही मुदत वाढत नाही. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सही करून देणे लेखी कबूल केले, किंवा काही रक्कम फेडून तशी लेखी नोंद केली, तरच नव्याने तीन वर्षे मिळतात. स्थावर मालमत्तेचे गहाणखत असल्यास दाव्याची मुदत बारा वर्षे असते.

दावा कोठे दाखल करावा?

कर्जत व खालापूर येथे दिवाणी न्यायालये आहेत, तर जिल्हा न्यायालय अलिबागला आहे. दावा कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशांपुढे चालणार की वरिष्ठ स्तराच्या, हे रकमेवरून ठरते. प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवहार जेथे झाला, तेथील न्यायालयात दावा दाखल करता येतो. उदाहरणार्थ, नेरळच्या रहिवाशाने खोपोलीच्या मित्राला नेरळमध्ये रक्कम दिली असेल, तर त्याला कर्जत किंवा खालापूर यांपैकी एका न्यायालयाची निवड करता येते.

लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा धनादेश हाती असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली 'समरी' दावा करता येतो. यात समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत प्रतिवादीला हजर व्हावे लागते. त्यानंतर बचाव करण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. बचावात तथ्य नसल्यास परवानगी नाकारली जाते आणि वादीला लगेच हुकूमनामा मिळतो. कागद नसल्यास नेहमीच्या दाव्यात साक्षीपुराव्याने रक्कम सिद्ध करावी लागते. त्या वेळी बँकेतील नोंदी फार उपयोगी पडतात. वचनचिठ्ठीवर आवश्यक महसुली तिकीट नसेल, तर ती नंतर दंड भरूनही पुराव्यात घेता येत नाही.

दावा सुरू असताना ऋणको मालमत्ता विकून नामानिराळा होण्याच्या बेतात असेल, तर आदेश ३८ खाली निकालापूर्वीच जप्ती मागता येते. त्यासाठी नुसता संशय पुरेसा नसतो. जामीनदार असल्यास त्याच्यावरही दावा करता येतो, कारण करारात वेगळे ठरले नसेल तर त्याची जबाबदारी ऋणकोइतकीच असते.

धनादेश न वटल्यास

परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालील तक्रार हा स्वतंत्र फौजदारी मार्ग आहे. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. धनकोचे खाते ज्या शाखेत आहे, तेथील न्यायालयात ती चालते. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. २०१८ च्या दुरुस्तीमुळे खटला सुरू असतानाही वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला आहे. दिवाणी दावा आणि ही तक्रार एकाच वेळी चालू शकतात.

पैसे फेडले नाहीत एवढ्यावरून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. रक्कम घेतानाच लबाडीचा हेतू होता, हे दाखवावे लागते. वीस हजार किंवा त्याहून अधिक रुपये रोखीने उसने घेणे आयकर कायद्याने, काही अपवाद वगळता, निषिद्ध आहे. मात्र केवळ त्या कारणाने देणे बेकायदा ठरत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये गोव्यातील एका धनादेश प्रकरणात दिला.

सावकारीचा अडसर

व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणाऱ्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवाना हवा. कर्ज देताना वैध परवाना नसेल, तर न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. एखाद्या प्रसंगी मित्राला दिलेली उसनवारी मात्र धंदा ठरत नाही. त्यासाठी व्यवहारांत सातत्य आणि पद्धत दिसावी लागते.

कर्जापोटी जमिनीचे खरेदीखत लिहून घेतले गेले असेल, तर ऋणकोलाही दाद मागता येते. सावकारीच्या ओघात जमीन तारण म्हणून गेली असल्यास, ताबा गेल्यापासून पंधरा वर्षांच्या आत जिल्हा निबंधकांकडे अर्ज करावा. चौकशीअंती ते दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात.

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरील ठाकूर व कातकरी कुटुंबांसाठी जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ महत्त्वाचे आहे. आदिवासी खातेदाराची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे विक्रीने वा गहाणाने जाऊ शकत नाही. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत होणाऱ्या लिलावालाही हाच निर्बंध लागू आहे.

हुकूमनाम्यानंतर

निकाल लागला म्हणजे पैसे हाती आले, असे नाही. त्यासाठी बारा वर्षांच्या आत दरखास्त दाखल करावी लागते. मग बँक खाते, वाहन किंवा स्थावर मालमत्ता जप्त होऊ शकते. रोख रकमेच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, स्वयंपाकाची भांडी आणि मंगळसूत्रासारखा धर्माचाराने अंगावरून न उतरणारा दागिना यांना जप्तीपासून संरक्षण आहे. ऐपत असूनही पैसे न देणाऱ्यास दिवाणी कैद होऊ शकते. स्त्रीला मात्र अशा हुकूमनाम्यासाठी अटक करता येत नाही.

दोन्ही पक्षांची तयारी असल्यास लोकअदालतीत तडजोड करता येते. तिच्या निवाड्याला हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालय शुल्कही परत मिळते. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींतील पक्षकारांना तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळू शकतो. व्यवहाराची तारीख व सर्व कागद घेऊन तीन वर्षे उलटण्यापूर्वी सल्ला घेणे, ही दोन्ही बाजूंसाठी पहिली पायरी होय.