भिरभिऱ्याची नोंद

साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेल परिसरात भाद्रपद-आश्विनात गेले, तर वाऱ्याची दोन यंत्रे एकाच नजरेत येतात. वर माळावर पवनचक्क्यांची रांग असते आणि खाली ज्वारी-बाजरीच्या शेतात बांबूच्या टोकाला बांधलेला हातभर पंखा गरगरत असतो. या पंख्याची पाती कधी जुन्या टेबलफॅनची असतात, कधी पत्र्याची, तर कधी फळीतून तासून काढलेली. त्याच्या आसाला साखळीने एक बोल्ट लटकवलेला असतो. पंखा फिरला की बोल्ट मागच्या जुन्या ताटलीवर आपटतो आणि त्या आवाजाने पाखरे उठतात. माळावरच्या यंत्रांची एकत्रित क्षमता ५०० मेगावॅटच्या वर सांगितली जाते. खालच्या पंख्याची मोजणी कोणी करत नाही. हा लेख त्या खालच्या यंत्राबद्दल, त्याच्या लाकडी भावंडांबद्दल आणि त्यांची नोंद का झाली नाही याबद्दल आहे.

लाकडी भिरभिऱ्याचा नाद मला घरच्या ओसरीत लागला. सुतारकामाचे चार तुकडे उरले होते, त्यातून एक पाते तासले आणि ते फिरले. मग प्रश्न पडला की आपल्याकडे हे कोण करत होते? मनात उत्तर तयारच होते: ही गावसुताराची शेकडो वर्षांची परंपरा असणार. शोधाअंती ते उत्तर मला सोडून द्यावे लागले.

शब्द काय सांगतात

इतिहासाचार्य राजवाड्यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. कागदाइतकाच शब्दही पुरावा असतो, ही शिकवण त्यांचीच. म्हणून सुरुवात शब्दांपासून केली.

भिरभिरे, भिंगरी, फिरकी, चक्री हे मराठी शब्द घरोघरी चालतात. पायाला भिंगरी लागते, डोळे भिरभिरतात. हे सारे शब्द फिरण्याचे आहेत, पण खेळण्यातल्या फिरण्याचे. जळगावचा रथ असो की धुळ्याची एकवीरेची यात्रा, तिथे मिळते ते भिरभिरे कागदाचे, बांबूच्या काडीचे आणि टाचणीचे. त्याचे आयुष्य जत्रेतून घरी येईपर्यंतचे. वाऱ्याने फिरणाऱ्या लाकडी बाहुलीला किंवा पंख्याला मराठीत स्वतःचे, सर्वांना ठाऊक असलेले नाव नाही. मी त्याला भिरभिरेच म्हणतो.

'पवनचक्की' हा शब्द तर अधिक बोलका आहे. चक्की म्हणजे दळणाचे यंत्र. आपल्या पवनचक्क्या मात्र पिठासाठी नव्हे, मुख्यतः विजेसाठी उभ्या राहिल्या. म्हणजे वस्तूच्या आधी, परक्या वस्तूच्या नावाचे भाषांतर आपल्याकडे आले. नांगर, मोट, घाणा, रहाट, जाते यांच्या एकेका भागाला मराठीत वेगळे नाव आहे. वाऱ्याच्या यंत्राच्या भागांना तशी नावे नाहीत. जिथे भागांना नावे नसतात, तिथे ती वस्तू कारागिराच्या रोजच्या हातात नव्हती, असे समजायला हरकत नाही.

वाऱ्याचे महिने

पण का नव्हती? चाक आपल्याला ठाऊक होते. सुताराचा सामता दोरीने गरगर फिरत होता, तेल्याचा घाणा बैल फिरवत होता. मग वाऱ्याला कोणी जुंपले का नाही? याचे उत्तर बुद्धीच्या कमतरतेत नाही, पंचांगात आहे.

दहाव्या शतकातला अरब लेखक अल-मसूदी याने सिस्तानातल्या पवनचक्क्यांचे वर्णन केले आहे. तिथे उन्हाळ्यात 'एकशे वीस दिवसांचा वारा' वाहतो. नवा गहू घरात येतो त्याच सुमारास हा वारा सुरू होतो, म्हणजे दळण आणि वारा एकाच हंगामात येतात. इराणात नश्तीफानला अशा उभ्या आसाच्या जुन्या चक्क्या आजही उभ्या आहेत. हॉलंडात वाऱ्याचे काम होते सखल जमिनीतले पाणी उपसून टाकण्याचे. पावसाळी, वादळी दिवसांत पाणीही जास्त आणि वाराही जास्त.

खानदेशात हा मेळ बसत नाही. आपला जोराचा वारा मे ते सप्टेंबर या काळातला, म्हणजे मुख्यतः नैऋत्य मोसमी वारा. तेव्हा आभाळ स्वतःच पाणी देत असते आणि कणगीत नवे धान्य नसते. विहिरीचे पाणी ओढायचे ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, तेव्हा वारा मंद. इथे भौतिकशास्त्राचा एक कठोर नियम आडवा येतो. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. आषाढात जे चक्र आठ बैलांचे काम करेल, ते पौषात एकाचेच करेल. आणि तो एक बैल तर दावणीला होताच.

शिवाय साक्रीच्या बाजूला, जिथे वारा सर्वांत चांगला, तिथे पांझरेच्या खोऱ्यात बंधारे-पाटांची फड पद्धत होती. बंधाऱ्यातून पाटात आणि पाटातून फडात पाणी उताराने जात असे. ज्याला पाणी उचलायचेच नाही, तो वाऱ्याचे यंत्र कशाला करील? दळणाचे म्हणाल, तर घरोघरी पहाटे जाते फिरत होते आणि त्या श्रमाची किंमत कोणी मोजत नव्हते. बायकांचे श्रम फुकट धरले गेले, हेही यंत्र न होण्याचे एक कारण आहे. ते सोडून पुढे जाता येत नाही.

खानदेशात वाऱ्याने एकच काम नेमाने केले, ते उपणणीचे. मळणी झाली की उंच उभे राहून पाटीतले धान्य वाऱ्यावर सोडायचे. दाणे खाली पडतात, भूस उडून जाते. पण हा हंगामही मंद वाऱ्याचा, म्हणून वाऱ्याची वाट पाहावी लागे. आसोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) पेरणी, कापणी, रगडणी यांच्याबरोबर 'उपननी'वरही कविता केली. त्यांचा संग्रह १९५२ मध्ये आला. त्या कवितेत वाऱ्याला हाक घातलेली आहे. मला ती हाक कवितेइतकीच शेतीच्या इतिहासाची नोंद वाटते. जो हुकमाने येत नाही, त्यालाच हाक मारावी लागते.

जिथे मेळ बसला

म्हणजे वारा कामाला मिळाला नाही, खेळायला मात्र मिळाला. आणि एका जागी काम आणि खेळ यांचा मेळ बसला, तो म्हणजे राखण.

कणीस चिकात आले की पाखरांच्या झुंडी उतरतात. चिमण्या, पोपट आणि हिवाळी पाहुण्या भोरड्या. माळ्यावर बसून गोफण फिरवणे हे काम बहुधा मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे. मुले शाळेत गेली, मजुरी वाढली, तसे माळे ओस पडले. पंख्याला इथे फार शक्ती लागत नाही. एक बोल्ट उचलून आपटण्यापुरता वारा पुरतो. तो अधूनमधून थांबतो हेही सोयीचेच, कारण अखंड एकसारख्या आवाजाला पाखरे सरावतात.

स्लोव्हेनियाच्या द्राक्षमळ्यांत याच कामाचे 'क्लोपोतेत्स' नावाचे लाकडी यंत्र आहे. वाऱ्याने फिरणाऱ्या आसावरच्या लाकडी हातोड्या एका फळीवर टकटकतात. द्राक्षे पिकू लागली की ते उंच खांबावर चढवतात, तोडणी आटोपली की उतरवतात. फळी कोणत्या झाडाची असली म्हणजे आवाज चांगला येतो, यावर तिथे जाणकारांची मते असतात. आज ते त्या प्रदेशाचे मानचिन्ह झाले आहे. काम तेच आणि तत्त्वही तेच, पण त्यांच्या यंत्राला नाव मिळाले आणि आपले 'जुगाड' या एका शब्दात संपले.

अमेरिकेतली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. तिथे लाकडी भिरभिऱ्यांची जुनी लोकपरंपरा आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंगच्या १८२० च्या एका प्रसिद्ध कथेत धान्याच्या कोठारावर वाऱ्याशी तलवारी खेळणारा लाकडी शिपाई येतो. पुढे नॉर्थ कॅरोलिनात व्होलिस सिम्प्सन (१९१९–२०१३) नावाचा यंत्रदुरुस्ती करणारा माणूस होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात सायपान बेटावर असताना त्याने मोडक्या विमानाच्या भागांपासून वाऱ्यावर चालणारे कपडे धुण्याचे यंत्र केले होते. निवृत्तीच्या वयात त्याने भंगारातून प्रचंड भिरभिरी उभारली. २०१७ मध्ये विल्सन गावात त्यांचे उद्यानच झाले. असा दुरुस्तीवाला आपल्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी असतो. फरक एवढाच की त्याने केलेले कोणी जपत नाही.

लाकूड आणि तार

वस्तू समजून घ्यायची तर ती करावी लागते. वीतभर लांब, दोन बोटे रुंद अशी पट्टी घ्यावी. सागवान टिकते, पण जड पडते. शिवण हलके आणि तासायला सुखाचे. सावंतवाडीची खेळणी पूर्वी पांगाऱ्याची होत, तीही याच कारणाने. पट्टीच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचे आणि दोन्ही बाजूंना तिरका उतार काढायचा. इथेच नवखा चुकतो. टोकाकडून पाहिले, तर दोन्ही पाती एकमेकांना छेदणाऱ्या फुलीसारखी दिसली पाहिजेत. दोन्हींचा उतार एकाच रेषेत आला तर वारा एका पात्याला जिकडे ढकलतो, त्याच्या उलट दुसऱ्याला ढकलतो आणि पाते जागेवर थरथरत राहते.

मग तोल. पाते खिळ्यावर अडकवून सोडावे. दरवेळी जी बाजू खाली येते ती जड, ती थोडी तासावी. कुठेही थांबू लागले की तोल साधला. आसाला सायकलची स्पोक, ती फिरायला पितळी नळी आणि घासू नये म्हणून मध्ये एक मणी. मागे शेपूट लागते. खुंटीच्या मागचा पृष्ठभाग पुढच्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर यंत्र वाऱ्याकडे पाठ करून उभे राहते. माझे पहिले शेपूट लहान झाले होते आणि ज्येष्ठातल्या पहिल्याच वावटळीत सारे यंत्र शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेले.

शेवटी बाहुली. स्पोकेला दोन काटकोन देऊन कोपर काढले की फिरणे वर-खाली होण्यात बदलते. मी उपणणारी बाई केली. वारा आला की तिचे पाटी धरलेले हात वर जातात.

नोंद कोणाची

आता पुन्हा ब्राह्मणवेलकडे. भारतात विजेसाठी पवनचक्क्यांचे पहिले समूह १९८६ च्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर उभे राहिले. कुठे किती वारा आहे हे त्यासाठी आधी मोजावे लागले. त्या मोजणीत हवामानशास्त्रज्ञ अॅना मणी (१९१८–२००१) यांचा वाटा मोठा. वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे इथेच घडावीत म्हणून त्यांनी बंगळुरात छोटी कार्यशाळाही काढली. खानदेशचा पावसाळी वारा, जो शेतकऱ्याला अवेळी म्हणून निरुपयोगी होता, तो विजेच्या जाळ्यामुळे कामाचा झाला, कारण वीज तारेवरून हवी तिथे नेता येते. हंगामाचे जुने कोडे असे सुटले. मात्र यंत्र गावाचे राहिले नाही.

मोजणीचे यंत्र तर भिरभिऱ्याचे सख्खे भावंड. चार वाट्यांचा वायुवेगमापक आयर्लंडमधल्या रॉबिन्सनने १८४६ मध्ये केला. त्याच घराण्याचा मापक आज जळगाव जिल्ह्यातल्या केळीवाल्याचे नशीब ठरवतो. रावेर, यावल, चोपड्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वाऱ्याने घडासकट बागा आडव्या होतात. हवामानावर आधारित फळपीक विम्यात वेगाचा वारा हा एक निकष आहे आणि तो मोजतात महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर. वादळ मात्र मंडळाची हद्द पाहून येत नाही. एका शिवाराला झोडपून पलीकडचे शिवार ते कोरडे सोडते. बागेत वारा होता, केंद्रावर नव्हता, तर कागदावर वाराच नव्हता.

इथे भिरभिऱ्याची मर्यादा कळते. ते वारा दाखवते, पण लिहून ठेवत नाही. ज्याच्या चक्राला आकडा जोडलेला आहे, त्याचीच साक्ष चालते. खानदेशच्या माणसाने वारा हाकेने बोलावला, सुपाने वापरला, गोफणीच्या जागी ठेवला, मुलांच्या हाती दिला. हे सगळे खरे असूनही दप्तरात शून्य आहे. परंपरा फार जुनी नसेल, पण जेवढी आहे तेवढी तरी लिहिली जायला हवी.

म्हणून एक विनंती. आपल्या शेतात, गच्चीवर, अंगणात वाऱ्याने फिरणारे घरगुती यंत्र असेल, तर ते कोणी केले, कोणत्या लाकडाचे किंवा भंगाराचे केले, कोणत्या महिन्यात लावतात, कधी उतरवतात आणि घरात त्याला काय म्हणतात, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत त्याला एखादे नाव पडले असेल, तर ते आधी लिहावे. यंत्र दुसरे करता येते. बोलायचे थांबलेले नाव पुन्हा तासून काढता येत नाही.