विड्यापासून खर्ऱ्यापर्यंत : मुखशुद्धीच्या इतिहासातील एक विपर्यास

रोगांचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा मोठ्या रोगांचा. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग किंवा १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ यांच्या नोंदी सरकारी दप्तरांत आहेत आणि त्यांच्यावर प्रबंधही सिद्ध झाले आहेत. तोंडाला सतत कोरड पडते, सकाळी जीभ टाळूला चिकटते, आपल्या श्वासाला वास येतो की काय या शंकेने माणूस चारचौघांत हात तोंडापाशी नेऊन बोलतो, या गोष्टींची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी? त्यांनी कोणी मरत नाही, म्हणून मृत्युनोंदीत त्या येत नाहीत. आणि सांगायला लाज वाटते, म्हणून डॉक्टरांच्या कागदावरही क्वचितच येतात. तरीही त्यांचा इतिहास नाही असे मुळीच नाही. तो भाषेत आहे, आचारधर्मात आहे आणि आम्ही अभ्यासक्रमात शिकवतो त्या ग्रंथांतही आहे. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, वैद्यकातील अधिकार आम्हाला नाही. परंतु शब्द आणि ग्रंथ वाचणे हा आमचा व्यवसाय आहे, आणि ज्या भंडारा परिसरात आम्ही तो करतो तेथे हा विषय टाळून पुढे जाता येत नाही.

आरंभ भाषेपासून करू. इच्छा झाली की मराठी माणसाच्या तोंडाला पाणी सुटते, भय वाटले की कोरड पडते, दुःख दाटले की तो आवंढा गिळतो आणि स्वाभिमान सोडला की लाळ घोटतो. मनाच्या चार निरनिराळ्या अवस्था आणि त्या चारही मोजल्या आहेत लाळेच्या मापाने. शरीरशास्त्र याला दुजोराच देते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. भीती आणि ताण यांत तिचा ओघ आटतो, झोपेत तो अगदी मंदावतो. लाळ तोंड सतत धूत असते. ती कमी झाली की जिभेच्या मागच्या भागावरील जंतूंना मोकळे रान मिळते, अन्नकणांचे विघटन करताना ते गंधकयुक्त वायू सोडतात आणि श्वासाला वास येतो. म्हणजे कोरड आणि दुर्गंधी या दोन तक्रारी पुष्कळदा एकाच घरातल्या आहेत. भाषेने मात्र दोघींना सारखी वागणूक दिलेली नाही. कोरडीला वाक्प्रचार मिळाला, कारण ती ज्याची त्याला कळते. दुर्गंधी ज्याची त्याला बहुधा कळत नाही, ती दुसऱ्याने सांगावी लागते, आणि दुसरा सहसा सांगत नाही. म्हणून तिच्याभोवती उभे राहिले ते आचाराचे नियम.

या नियमांचा माग भंडारा जिल्ह्यातच फार मागे नेता येतो. पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी केलेल्या उत्खननात इसवीसनापूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष सापडले; शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. ज्या विनयाने भिक्षूंचे जीवन बांधलेले होते, त्यातील चुल्लवग्गात दातून वापरण्याची अनुज्ञा आहे. दातून न केल्याचे जे पाच तोटे तेथे सांगितले आहेत, त्यांत तोंडाला दुर्गंधी येणे हा एक आणि अन्नाची रुची नाहीशी होणे हा दुसरा. ज्याने संसार सोडला त्यानेही सहवासाचा विचार सोडू नये, असा त्या नियमाचा अर्थ आम्हाला लागतो. वैनगंगेकाठच्या पवनीतील भिक्षूही याच शिस्तीत वाढले असणार.

दुसरा दुवा आमच्या अभ्यासक्रमातलाच आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या आरंभीच्या अनुयायांत नीळभट्ट भांडारेकार आहेत. त्यांच्या नावातच आमचे गाव आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात स्वामींची दिनचर्या पुन्हापुन्हा येते. आरोगण, गुळळा, विडा, पहुड, उपहुड हे शब्द विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. पण त्यांच्या क्रमाकडे लक्ष दिले तर एका संपूर्ण मुखाचाराचे चित्र उभे राहते. जेवण झाले की आधी चूळ भरून तोंड स्वच्छ करायचे आणि मग विडा घ्यायचा. विडा हा धुण्याला पर्याय नव्हता, तो धुण्यानंतरचा सुगंध होता. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा विपर्यास या क्रमाच्या मोडण्यातून घडला आहे.

वैद्यकग्रंथांतही हाच क्रम दिसतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दंतधावन आणि जिभेचे निर्लेखन यांच्याबरोबरच मुखाच्या वैशद्यासाठी सुपारी, लवंग, कंकोळ, कापूर आणि तांबूलपत्र तोंडात धरावे असे सांगितले आहे. सुश्रुताने मुखरोगांची संख्या ६५ दिली आणि ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि सर्व मुख अशी सात स्थाने कल्पिली. त्याच सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात तांबूलाचे गुण वर्णिल्यावर तो कोणाला वर्ज्य हेही बजावले आहे. रक्तपित्ताचा रोगी, क्षीण झालेला, तृष्णेने व्याकूळ, रूक्ष, दुर्बल. आणि या यादीच्या अखेरीस येतो तो ज्याचे तोंड कोरडे पडते असा मनुष्य. मुखशोष असेल तर विडा नको. विड्याची थोरवी सांगताना आपण परंपरेचा हवाला देतो, पण परंपरेने घातलेली ही अट कोणी सांगत नाही.

राजदरबारात विडा हा उपभोग झाला. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात तांबूलभोगाला स्वतंत्र स्थान आहे. लोकव्यवहारात विडा शब्द झाला. पैजेचा विडा, विडा उचलणे, लग्नातले विडे तोडणे, पानसुपारीचे बोलावणे, देवापुढचा गोविंदविडा हे सारे त्याचेच विस्तार. तेरा गुणांचा म्हणून त्रयोदशगुणी विडा प्रसिद्ध झाला. भंडाऱ्याच्या शेजारी रामटेकला बारई समाजाने पानमळे जोपासले. दुसरीकडे संतांनी शरीराची हेळसांड हा वैराग्याचा भाग मानला नाही. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगताना ज्याचे दात, डोळे, नाक, हात, पाय आणि वस्त्र सदैव मळके त्याला मूर्खांत गणले. आणि तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाचे निरूपण करताना देहाच्या लहानसहान व्याधींची लांबलचक यादीच दिली. मराठीतील दैनंदिन दुखण्यांची ती एक मौलिक नोंदवही आहे. वाङ्मयेतिहासकारांनी तिच्याकडे त्या दृष्टीने अजून पाहावे तसे पाहिलेले नाही.

या जुन्या व्यवस्थेत तंबाखू नव्हती. पोर्तुगिजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात असदबेगने विजापुराहून तंबाखू नेऊन अकबरापुढे ठेवल्याची हकिकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. १६१७ मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. बंदीने काही साधले नाही, हा या इतिहासातला पहिला धडा, आणि तो पुढे पुन्हा गिरवावा लागला. तंबाखू विड्यात शिरली, पश्चिम महाराष्ट्रात भाजून मशेरी झाली, छत्तीसगडाच्या बाजूला गुळाशी मिसळून गुडाखू झाली. येथे एक गोष्ट नजरेत भरते. मशेरी आणि गुडाखू ही दोन्ही दात घासण्याची साधने म्हणून घरात आली. स्वच्छतेचे नाव घेऊन व्यसन आत आले, आणि ते विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला आले, कारण उघड्यावर धूम्रपान करण्याची त्यांना मुभा नव्हती.

आमच्या भागात तंबाखूने आणखी एक रूप घेतले, ते विडीचे. 'विडा' आणि 'विडी' यांचे मूळ एकच, संस्कृतातील वीटिका. जुन्या मराठीत विडी म्हणजे पानाचीच लहान पट्टी. नागवेलीच्या जागी तेंदूचे पान आले, चघळण्याच्या जागी धूर आला, शब्द मात्र तोच राहिला. भंडारा-गोंदियाच्या जंगलांत तेंदू विपुल. विसाव्या शतकात या टापूत विडी-उद्योग फोफावला आणि उन्हाळ्यातला पानतोडीचा हंगाम व घरोघरी विड्या वळणे हा हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग झाला. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधीचा कायदा या कामगारांसाठी झाला. सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसणाऱ्या स्त्रीचा घसा कोरडा पडतो, ही तक्रार मात्र या कायद्यांच्या भाषेत कोठे उमटणार? १ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला; धुळीला ही सीमा ठाऊक नव्हती.

याच शतकात मुखशुद्धी बाजारात गेली. अमेरिकेत १८७९ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून तयार झालेले लिस्टरीन १९२० च्या दशकात श्वासदुर्गंधीवरील औषध म्हणून जाहिरातींतून विकले गेले. लग्न जमत नाही, मित्र दुरावतात, याला कारण तुमचा श्वास, असे त्या जाहिरातींनी लोकांच्या मनात भरवले. जी गोष्ट कोणी कोणाला सांगत नसे ती आता जाहिरात सांगू लागली. आपल्याकडे राखुंडी, मीठ आणि कडुनिंब-बाभळीची काडी यांची जागा हळूहळू डब्यांतल्या दंतमंजनांनी आणि मग नळीतल्या पेस्टने घेतली. १९५२ मध्ये केशव पेंढरकरांनी स्थापन केलेल्या विकोची वज्रदंती ही आयुर्वेदाचे नाव घेऊन या बाजारात उतरली. स्वच्छतेच्या दृष्टीने यात लाभही झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तोंडाची काळजी म्हणजे सुगंध, आणि सुगंध म्हणजे पुडी किंवा नळी, हे समीकरण याच काळात पक्के झाले.

या समीकरणाचे शेवटचे टोक म्हणजे खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर सुपारीची खांडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटून तयार होणारा हा पदार्थ. पश्चिम महाराष्ट्रात त्याच्या भावंडाला मावा म्हणतात. तेरा गुणांच्या विड्याशी त्याची तुलना करून पाहावी. पान गेले, लवंग गेली, वेलदोडा, कापूर, बडीशेप सारे गेले. उरली सुपारी आणि चुना, आणि नव्याने आली तंबाखू. त्याहून महत्त्वाचे म्हणजे क्रम गेला. विड्याला जेवणाची मर्यादा होती, त्याआधी चूळ होती. खर्रा दिवसभर गालात असतो. धानाच्या रोवणीत तो बांधावर वाटला जातो, मंडईच्या गर्दीत आणि झाडीपट्टीच्या नाटकाच्या मंडपात रात्रभर हातोहात फिरतो, आणि महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरही मिळतो. तोंडाला वास येऊ नये म्हणून खातो, असे उत्तर आम्ही विद्यार्थ्यांकडून अनेकदा ऐकले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या एका आचाराचा हा प्रतिध्वनी आहे. त्यातील अर्थ मात्र उलटा झाला आहे.

उलटा कसा, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका विकाराचे वर्णन केले आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्ण नोंदवले. सुपारीतील अल्कलॉइडे व इतर घटक तोंडाच्या अस्तराखाली तंतुमय ऊती वाढवतात. आधी तिखट सोसत नाही, जळजळ होते, तोंड कोरडे वाटते. मग गाल ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जाईनाशी झाली तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करू नये. हा विकार पुरता मागे फिरत नाही, पुढे त्याचे कर्करोगात रूपांतर होण्याचा धोका असतो. सुपारी थांबवली तर वाढ मात्र रोखता येते. आणि हे सारे तंबाखूवाचूनही होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. 'तंबाखू नाही, फक्त सुपारी' हे समाधान म्हणूनच खोटे आहे.

सरसकट प्रत्येक कोरडीला खर्रा जबाबदार असतो असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. मधुमेह, रक्तदाबावरील व ॲलर्जीवरील काही औषधे, तोंडाने श्वास घेण्याची सवय, वाढते वय यांनीही तोंड सुकते. हिरड्यांचे दुखणे आणि जिभेवरचा थर यांनीही वास येतो. यांतील बहुतेक गोष्टींवर साधे उपाय आहेत. सांगण्याची लाज तेवढी त्यांच्या आड येते.

बंदीचा धडा जहांगीरानंतर महाराष्ट्रानेही गिरवला. २००२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू सेवन करत असल्याचे आढळले, तर धूम्रपान करणारे होते अवघे ३.८ टक्के. आमच्या शेजारच्या गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ अभियानाने गावागावांत याविरुद्ध लोकांचे संघटन केले, ते कायद्याच्या बरोबरीने सामाजिक संमतीही लागते हे ओळखूनच.

साहित्याच्या अध्यापकांनी या प्रश्नात का पडावे, असे आम्हाला विचारले जाईल. उत्तर सोपे आहे. आमचा विषय उच्चारातून जिवंत राहतो. झाडीबोलीचे संशोधन डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी उभे केले, तिची संमेलने भरतात, तिच्या शब्दांचे कोश होतात. 'ळ' आणि 'ण' यांच्यावाचून ती कशी डौलाने चालते हे आम्ही वर्गात सांगतो. आणि त्याच वर्गात कविता वाचायला उभे केलेले एखादे पंचवीस वर्षांच्या आतले पोर तोंड पुरते उघडू शकत नाही. ते बुजरे आहे असे आपण समजतो. बोली जपायची तर ती बोलणारे तोंडही जपावे लागेल. आमच्यासारख्या शिक्षकांना यात करता येण्याजोगे एवढेच आहे की, लीळाचरित्रातील गुळळा शिकवताना त्याचा अर्थ परीक्षेपुरता सांगून थांबू नये, आणि सुश्रुताने अखेरीस घातलेली अटही मुलांना वाचून दाखवावी.