गटाराचा हिशेब कोण तपासतो?

श्रोतेहो, विहिरीचे पाणी आटले की सारा गाव काठावर जमतो. गटार तुंबले की मात्र जो तो नाकाला पदर लावून पुढे जातो. विहीर सगळ्यांची आणि गटार कोणाचेच नाही, अशी आपली जुनी रीत. त्यातून गटार जमिनीखाली गेले, वर लोखंडी झाकण बसले, की मग विचारायलाच नको. डोळ्यांआड गेलेली वस्तू मनाआडही जाते.

आणि म्हणूनच एक प्रश्न उभा राहतो. जमिनीखाली काय चालले आहे, हे आपल्याला कसे कळावे? कचेरीतला कागद म्हणतो, ‘सर्व ठीक आहे.’ तो कागद खरा की खोटा, हे कोणी पाहायचे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यासाठी हजारो जीव खर्ची पडले. ती हकिकत आज सांगायची आहे.

सुरुवात लंडनपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या शहरात मैला घराखालच्या खड्ड्यात साठे, आणि गाडीवाले तो उपसून शेतांत नेत. रस्त्याखालची गटारे केवळ पावसाच्या पाण्यासाठी होती. 1815 नंतर घरांची नळी गटाराला जोडण्याची मोकळीक मिळाली आणि 1848 नंतर तर तशी सक्तीच होऊ लागली. घरे स्वच्छ झाली. पण सारी घाण गेली कुठे? थेम्स नदीत. आणि पिण्याचे पाणी कुठले? पुष्कळांचे त्याच नदीचे! 1848-49 च्या पटकीत लंडनमध्ये चौदा हजारांहून अधिक माणसे दगावली.

1858 च्या उन्हाळ्यात नदी इतकी नासली, की काठावरच्या पार्लमेंटच्या इमारतीत बसणे अशक्य झाले. खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्षारात भिजवून पाहिले, उपयोग झाला नाही. जी गोष्ट गरिबांच्या वस्तीतल्या मरणांनी झाली नव्हती, ती खासदारांच्या नाकाने घडवून आणली! त्याच ऑगस्टमध्ये कायदा झाला आणि जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने कामाला हात घातला. नदीला समांतर अशी 82 मैल मोठी भुयारी गटारे त्याने बांधली. शहराची घाण नदीत पडण्याआधीच अडवून ती पूर्वेला, शहराबाहेर न्यायची, अशी योजना होती.

आता मुख्य गोष्ट ऐका. 1866 साली पटकी पुन्हा आली. नव्या गटारांमुळे बहुतेक लंडन बचावले. पण शहराच्या पूर्व भागात, कामकऱ्यांच्या वस्तीत, सुमारे साडेपाच हजार माणसे मेली. तिथले पंपगृह अजून पुरे व्हायचे होते, म्हणून त्या भागाची गटारे नव्या व्यवस्थेला जोडलीच गेली नव्हती. पण केवळ तेवढेच कारण नव्हते. त्या वस्तीला पाणी पुरवणाऱ्या कंपनीवर 1852 च्या कायद्याची अट होती : पाणी गाळूनच द्यावे आणि गाळलेले पाणी झाकलेल्या टाकीत ठेवावे. संशय येऊ लागताच कंपनीच्या अभियंत्याने वर्तमानपत्रात पत्र छापले, की आम्ही न गाळलेले पाणी एक थेंबही देत नाही. कागद स्वच्छ होता. पण थोड्याच दिवसांत दोन ग्राहकांच्या घरच्या नळांत वाम सापडले! वाम म्हणजे आपल्या नदीत असतो तो सापासारखा लांब मासा, बरं का. गाळणीतून वाम कसा येईल? सरकारी तपासनीस गेले. ली नावाच्या नदीजवळची कंपनीची उघडी तळी त्यांनी पाहिली, आणि उघड्या तळ्यातले घाण पाणी लोकांच्या नळात गेल्याचे उघडकीस आले.

श्रोतेहो, इथे आपल्या विषयाचे सार आहे. अट होती, कायदा होता, लेखी ग्वाही होती. नव्हते काय? अट पाळली जाते की नाही, हे जागेवर जाऊन पाहणारा माणूस नव्हता. तपासनीस गेले ते माणसे मेल्यानंतर.

दुसरा धडा 1878 चा. बॅझलगेटच्या गटारांनी घाण शहराबाहेर नेली खरी. पण ती शुद्ध न करता खालच्या अंगाला नदीतच सोडली जाई. 3 सप्टेंबर 1878 रोजी त्या जागेजवळ ‘प्रिन्सेस अॅलिस’ ही प्रवासी आगबोट दुसऱ्या जहाजाशी टकरून बुडाली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. गटाराचे पाणी नुकतेच सोडलेले होते, आणि माणसे त्या घाणीत बुडाली म्हणून मोठा गहजब झाला. मग चौकशी आयोग बसला आणि 1887 पासून मैल्याचा साका वेगळा काढून जहाजांनी दूर समुद्रात टाकू लागले. घाण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेली म्हणजे ती नाहीशी होत नाही, एवढे तरी लोकांना पटले.

पण नदीत सोडायचे पाणी किती स्वच्छ असावे? ‘स्वच्छ’ म्हणजे काय, ते आकड्यांत सांगितल्याशिवाय तपासणार कसे? हे काम इंग्लंडच्या सांडपाणी आयोगाने 1912 सालच्या आपल्या आठव्या अहवालात केले. दर एक लाख भाग पाण्यात तरंगता गाळ तीन भागांहून अधिक नसावा, आणि पाच दिवसांत ते पाणी प्राणवायूचे दोन भागांहून अधिक शोषण करणारे नसावे. घाण खाणारे सूक्ष्म जंतू पाण्यातला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त तितका प्राणवायू अधिक खर्च होतो, आणि मग मासे गुदमरतात. ज्या नदीत सांडपाण्याच्या निदान आठपट पाणी वाहते, तिच्यासाठी हे माप होते. आजच्या भाषेत ते लिटरला 30 मिलिग्रॅम गाळ आणि 20 मिलिग्रॅम प्राणवायूची मागणी. शिक्षकमित्रांनी हे आकडे ध्यानात ठेवावेत. जगभरच्या नियमांचे मूळ त्यांत आहे.

आता अट आली, माप आले. उरला तो परवाना. तो पुरतेपणी आकाराला आला अमेरिकेत. 22 जून 1969 रोजी ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात कायहोगा नदीवरच्या तेलकट घाणीने पेट घेतला. ही नदी त्यापूर्वीही अनेकदा पेटली होती. पण या वेळी देशाने तिकडे पाहिले. 18 ऑक्टोबर 1972 रोजी अमेरिकेच्या विधिमंडळाने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून जलशुद्धीचा कायदा मंजूर केला. त्याचे सूत्र सोपे : परवान्याशिवाय कोणीही नळीतून नदीनाल्यात घाण सोडू नये, मग तो कारखाना असो की नगरपालिका. परवाना फार तर पाच वर्षांचा. त्यात मापे लिहिलेली. पाणी आपणच तपासायचे आणि अहवाल पाठवायचा. सार्वजनिक आरोग्याला धोका होईल अशी चूक घडली, तर ती कळल्यापासून 24 तासांत तोंडी आणि पाच दिवसांत लेखी कळवायची. सरकारी तपासनीस आला तर त्याला आत येऊ द्यायचे, दप्तर दाखवायचे. आणि सरकारच झोपले, तर साधा नागरिकसुद्धा 60 दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाऊ शकतो.

असा तपासनीस गावात येऊन करतो तरी काय? तुम्हाला वाटेल, तो तडक शुद्धीकरणाच्या कारखान्यात जात असेल. तिथे तर तो जातोच. पण घाण त्या कारखान्यापर्यंत पोचलीच नाही, वाटेतच झाकणातून वर येऊन ओढ्यात गेली, तर कारखान्याचे आकडे कितीही चांगले असले तरी त्यांचा उपयोग काय? म्हणून गावभर पसरलेल्या नळ्यांचीही तपासणी होते.

तो आधी कचेरीत बसतो. परवाना वाचतो. गटारांचा नकाशा मागतो. नकाशाच नसेल तर अर्धा निकाल तिथेच लागला! मग तो दोन वह्या शेजारी शेजारी ठेवतो : लोकांच्या तक्रारींची वही आणि गटार उतू गेल्याच्या नोंदींची वही. पहिलीत ‘आमच्या दारात मैला आला’ म्हणून दहा तक्रारी असतील आणि दुसरीत एकच नोंद असेल, तर उरलेल्या नऊ गेल्या कुठे?

मग तो बाहेर पडतो. पंपगृहात जातो. वीज गेली तर दुसरी सोय आहे का, पाणी चढले की घंटा वाजते का, हे वाजवून पाहतो. झाकणे उघडवतो, आतल्या भिंतीवर पाणी चढल्याची खूण किती उंचावर आहे, ते पाहतो. खाणावळींच्या वस्तीत तुपातेलाचा थर साचला आहे का, झाडांची मुळे सांध्यांत शिरली आहेत का, याची चौकशी करतो. गाव झोपलेले असताना मोजलेल्या प्रवाहाचे आकडे मागतो. रात्री दोन वाजता नळ्या भरभरून वाहत असतील, तर ते घरांतले पाणी नव्हे. फुटक्या नळीत जमिनीचा पाझर शिरतो आहे. कुठे कुठे नळीत निरुपद्रवी धूर सोडतात. तो एखाद्या घराच्या पन्हळीतून वर आला, की त्या घराने छपराचे पावसाळी पाणी मैल्याच्या नळीला जोडले आहे, हे सगळ्या आळीला कळते. पावसात गटारे उतू जातात ती पुष्कळदा याच चोरवाटांनी.

हे सारे असूनही अमेरिकेत गोष्टी संपलेल्या नाहीत. 2004 साली तिथल्या पर्यावरण खात्याने विधिमंडळाला सांगितले, की मैल्याची गटारे वर्षाला 23 हजार ते 75 हजार वेळा उतू जातात. हा आकडा मोठा आहे; पण तो सरकारने स्वतः होऊन सांगितला, हे अधिक मोलाचे. पुढे 2006 साली कॅलिफोर्निया राज्याने नियम केला, की एक मैलाहून लांब असलेल्या प्रत्येक सार्वजनिक गटारव्यवस्थेने उतू गेल्याच्या नोंदी राज्याकडे कराव्यात. लपवलेली चूक दुरुस्त होत नाही, आणि मोजलेली चूक आज ना उद्या दुरुस्त होते.

‘अमेरिकेचे झाले, आमचे काय?’ असे तुम्ही विचाराल. आपल्यालाही सांगण्यासारखे आहे. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा 1969 सालीच केला, म्हणजे अमेरिकेच्या त्या कायद्याच्या तीन वर्षे आधी. सप्टेंबर 1970 मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. नंतर 1974 साली देशाचा जल अधिनियम आला. त्यातही तीच तीन सूत्रे आहेत. सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यायची. अधिकाऱ्याला जागेवर येऊन पाहण्याचा हक्क. आणि नमुना घेताना त्याचे समक्ष दोन भाग करून, मोहोर लावून, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की बाटली बदलली. कायद्यात कमी नाही. कमी पडते ती झाकण उघडून पाहण्याची सवय.

पण झाकण उघडायचे म्हणजे माणूस आत उतरवायचा नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. गटारातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. एक उतरतो, बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून गटार किंवा मैल्याची टाकी साफ करवून घेण्यास बंदी केली. अशा मृतांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले आणि 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. पैशाने गेलेला माणूस येत नाही. म्हणून ज्या तपासणीत माणसांच्या जिवाची नोंद नाही, ती तपासणी अपुरीच समजावी.

आता आपल्या गावाकडे वळू. तुमच्या गावात भुयारी गटार असेल किंवा उघडे असेल. कुठे केवळ शोषखड्डे असतील. पाहण्याची रीत एकच. मृगाच्या आधी शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांकडून गावच्या गटारांचा नकाशा काढून घ्या. मुलांनी गटाराला हात लावायचा नाही, झाकण उघडायचे नाही. रस्त्याने चालत पाहायचे आणि लिहायचे. कुठल्या घराचे पाणी कुठे जाते, शेवटी ते कुठल्या ओढ्याला मिळते, पिण्याची विहीर किंवा हातपंप तिथून किती पावलांवर आहे, एवढे कागदावर येऊ द्या. पहिला मोठा पाऊस झाला की पुन्हा चालून या, आणि कुठे पाणी उलटे आले ते त्याच नकाशावर लाल शाईने मांडा. हा कागद ग्रामसभेत ठेवा आणि विचारा : या लाल खुणांची नोंद पंचायतीच्या दप्तरात आहे काय?

लंडनच्या त्या वस्तीत ज्यांच्या नळात वाम निघाले, ते काही शास्त्रज्ञ नव्हते. साधे ग्राहकच होते. पण नळातून काय आले ते त्यांनी दडवले नाही, चार लोकांना सांगितले, आणि मग कागदाची ग्वाही टिकली नाही. तपासनीस सरकारचा असतो, परवाना नगरपालिकेचा असतो. गटार मात्र आपले असते. विहिरीच्या काठावर जसे जमता, तसे वर्षातून एकदा त्याच्याही काठावर जमा.