कंदमुळांतील स्टार्च : पचन आणि रक्तशर्करा

बटाटा, रताळे, सुरण, अळकुडी, टॅपिओका (साबुकंद) इत्यादी वनस्पती जमिनीखाली साठवतात त्या स्टार्चचे पचन होऊन ग्लुकोज रक्तात उतरण्याची क्रिया. काटेकोर अर्थाने रताळे व टॅपिओका ही मुळे, तर बटाटा, सुरण व अळकुडी ही खोडे होत. आहारशास्त्र हा भेद पाळत नाही. जेवणानंतर रक्तातील साखर किती झपाट्याने चढेल हे कंदाच्या नावावरून सांगता येत नाही. त्यातील स्टार्चच्या कणांचे चुलीवर, आणि चुलीवरून उतरल्यावरही, काय झाले हे पाहावे लागते.

कणांची रचना : स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची साखळी. सरळ साखळीच्या घटकाला अमायलोज आणि फाटे फुटलेल्याला अमायलोपेक्टिन म्हणतात. कंदांत अमायलोपेक्टिनचा वाटा मोठा असतो. बटाट्यात अमायलोज साधारण पाचवा हिस्सा किंवा थोडे अधिक भरते. दोन्ही घटक कणांत दाटीने रचलेले असतात. बटाट्याचे कण मोठे, कधी १०० मायक्रोमीटरपर्यंत, लंबगोल व शिंपल्यासारख्या वलयांचे दिसतात. किसलेला बटाटा पाण्यात खळबळून ठेवला की भांड्याच्या तळाशी बसणारा, बोटांत चिमटला तर करकरणारा पांढरा थर म्हणजे हेच कण. टॅपिओकाचे कण त्याहून बरेच लहान, आणि अळकुडीचे तर वनस्पतिसृष्टीतील सर्वांत बारीक कणांपैकी आहेत. कण बारीक तेवढा पृष्ठभाग अधिक व पचन सोपे, असा ठोकताळा मांडला जातो. पण अळकुडीच्या बाबतीत तो पुरता लागू पडत नाही. तिच्यातील बुळबुळीत द्रव्य पचन मंदावत असावे. कच्च्या बटाट्याच्या कणांची स्फटिकी मांडणी अशी घट्ट असते की पाचक रस त्यांना फारसे भेदू शकत नाहीत आणि त्यांचा बराच भाग लहान आतड्यातून तसाच पुढे जातो. शिजवल्यावर हाच स्टार्च झपाट्याने पचणाऱ्यांत गणला जातो.

पूर्वेतिहास : १८११ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे किर्खहोफ यांनी बटाट्याचा स्टार्च सौम्य सल्फ्यूरिक आम्लात उकळून त्याची साखर केली. आम्ल स्वतः खर्ची न पडता काम करते हे त्यांच्या ध्यानात आले. १८३३ मध्ये पायां व पेर्सो यांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च फोडणारे द्रव्य वेगळे करून त्यास डायास्टेज हे नाव दिले. एंझाइमांच्या अभ्यासाचा आरंभ येथून मानतात. म्हणजे पोटात जे घडते त्याची रसायनशाळेतील प्रतिकृती मधुमेहाच्या उपचारांच्या कितीतरी आधी हाती होती.

पचन : लाळेतील अमायलेज घास चावतानाच कामाला लागते, जठरातील आम्लात ते थंडावते. मुख्य काम लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या अमायलेजचे. त्यातून माल्टोज, माल्टोट्रायोज व फाट्यांचे तुकडे उरतात. त्यांचे ग्लुकोज करणारी एंझाइमे आतड्याच्या अस्तरावरच बसवलेली असतात. मोकळे झालेले ग्लुकोज सोडियमच्या जोडीने पेशीत ओढले जाते, तेथून रक्तात व प्रतिहारी नीलेवाटे यकृतात पोहोचते. साखर चढली की स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. लाळेतील अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. स्टार्चबहुल आहाराच्या समाजांत त्या सरासरीने अधिक असल्याचे २००७ मध्ये दाखवले गेले. लठ्ठपणाशी त्यांचा संबंध जोडण्याबाबत मात्र एकमत नाही. अस्तरावरील एंझाइमांना अटकाव करणारी अ‍ॅकार्बोज व व्होग्लिबोज ही औषधे भारतात वापरात आहेत. ती घेणाऱ्या रुग्णाची साखर अन्य औषधामुळे एकाएकी उतरली, तर ग्लुकोजच द्यावे लागते. नेहमीच्या साखरेचे विघटन तेच एंझाइम करत असल्याने साखरेचा उपयोग सावकाश होतो.

उष्णता व थंडावा : पाण्यात तापवल्यावर सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास कण पाणी शोषून फुगतात, स्फटिकी मांडणी विस्कटते आणि खळ होते. आता साखळ्या अमायलेजला मोकळ्या मिळतात. अन्न निवले की काही साखळ्या, विशेषतः अमायलोजच्या, पुन्हा एकमेकींना चिकटून घट्ट होतात. हा भाग लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यावर जगतात व ब्युटिरिक आम्लासारखी लघुसाखळी आम्ले तयार होतात. एंग्लिस्ट, किंगमन व कमिंग्ज यांनी १९९२ मध्ये स्टार्चचे जलद पचणारा, सावकाश पचणारा व रोधक असे तीन गट केले. नळीत एंझाइम घालून २० मिनिटांत सुटतो तो पहिला, १२० मिनिटांपर्यंत सुटतो तो दुसरा, उरतो तो तिसरा.

२०१६ च्या एका मोजणीत १०० ग्रॅम बटाट्यामागे रोधक स्टार्च गरम असताना ३.१, थंड केल्यावर ४.३ व पुन्हा गरम केल्यावर ३.५ ग्रॅम भरला. फरक खरा, पण एक-सव्वा ग्रॅमचा. ‘रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलेला बटाटा मधुमेह्याला चालतो’ ही घरोघरी फिरणारी समजूत एवढ्या आधारावर उभी राहत नाही. स्वीडनमधील एका अभ्यासात (२००५) थंड बटाट्याला व्हिनेगरची जोड दिल्यावर, ताज्या उकडलेल्या बटाट्याच्या तुलनेत ग्लायसेमिक निर्देशांक (पुढे ‘मापन’ पाहा) ४३ टक्क्यांनी कमी आला. तेथे थंडाव्याइतकाच आंबटाचाही हात होता.

मापन : टोरांटो येथील डेव्हिड जेंकिन्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६२ पदार्थांचा ग्लायसेमिक निर्देशांक प्रसिद्ध केला. ५० ग्रॅम उपलब्ध कर्बोदके मिळतील एवढा पदार्थ खाऊ घालून पुढील दोन तास साखर मोजायची व तेवढ्याच ग्लुकोजशी तुलना करायची, ही पद्धत. ग्लुकोजचे १०० धरून ५५ पर्यंत कमी, ७० पासून पुढे उच्च मानतात. २००८ च्या तक्त्यातील सरासरी अशा : उकडलेला बटाटा ७८, झटपट कुस्करा ८७, तळलेल्या बटाट्याच्या फोडी ६३, उकडलेले रताळे ६३, उकडलेली अळकुडी ५३. तळलेल्या फोडी उकडलेल्या बटाट्याहून खाली आहेत म्हणून त्या पथ्याच्या ठरत नाहीत. तेलामुळे जठर सावकाश रिकामे होते एवढाच त्याचा अर्थ. गाजराचा पहिला आकडा ९२ आला व त्या बिचाऱ्याला पथ्यातून हद्दपार व्हावे लागले. नंतरच्या मोजणीत तो ३९ पर्यंत उतरला. शिवाय ५० ग्रॅम कर्बोदकांसाठी अर्ध्या किलोहून अधिक गाजरे खावी लागतात. उकडलेला बटाटा सुमारे ३०० ग्रॅम, तर कोरडा साबुदाणा ६० ग्रॅमही लागत नाही.

शिजवण्याच्या पद्धतीने निर्देशांक किती बदलतो हे पाहण्यासाठी जमैकातील रताळ्यांच्या दहा वाणांवरील अभ्यास (२०११) महत्त्वाचा आहे. उकडल्यावर निर्देशांक ४१ ते ५०, आणि तीच रताळी भट्टीत भाजल्यावर ८२ ते ९४. रताळ्यात स्वतःचेच बीटा-अमायलेज असते. संथ आचेवर ते स्टार्चचे माल्टोज करते, म्हणून निखाऱ्यात भाजलेले रताळे गोड लागते. एवढ्या मोठ्या फरकाला हे एकच कारण पुरे आहे असे नाही.

साबुदाणा : मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातील साबू ताडाच्या खोडातील गराचा. भारतीय बाजारातील साबुदाणा टॅपिओकाच्या मुळाचा असून त्याचे मुख्य केंद्र तमिळनाडूतील सेलम. मुळे सोलून, किसून, धुऊन पांढरे दूध गाळतात व हौदात निवळू देतात. तळचा ओलसर स्टार्च हेलकावे देऊन गोल दाण्यांत बांधतात, चाळतात, तापल्या पत्र्यावर किंचित भाजतात आणि वाळवतात. भाजताना दाण्याच्या बाहेरच्या थराची खळ होते. भिजवल्यावर दाणा विरघळून न जाता अखंड फुगतो तो त्यामुळेच. या खटाटोपात पेशीभित्ती, तंतू व प्रथिने जवळजवळ सगळी निघून जातात : १०० ग्रॅममध्ये कर्बोदके सुमारे ८७ ग्रॅम, प्रथिने नावापुरती. पचनाला अडथळा करील असे दाण्यात काही उरत नाही. महाराष्ट्रातील उपवासाच्या खिचडीत शेंगदाण्याचे कूट व तूप पडते, वर दही येते. त्यामुळे साखरेचा चढ लांबतो, पण ताटातील स्टार्च तेवढाच राहतो. बटाट्याच्या फोडींनी तर त्यात भरच पडते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेह्यांना उद्देशून नसली तरी आहारतज्ज्ञांच्या उपयोगी पडते.

टॅपिओका व मधुमेह : केरळात स्वादुपिंडात खडे होऊन उद्भवणाऱ्या मधुमेहाचा संबंध कडू टॅपिओकातील सायनाइड देणाऱ्या द्रव्यांशी जोडला गेला होता. पण टॅपिओका न खाणाऱ्या प्रदेशांतही हा विकार आढळतो. हा विकार ज्यात मोडत असे तो कुपोषणजन्य मधुमेहाचा वर्ग जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये मान्य केला व १९९९ मध्ये वगळला.

इतर : करांदा, कणगी, कोनफळ हे कोकण-गोव्यातील कंद उकडून अथवा भाजून खातात. सुरणाच्या कुळातील जपानी कोंजाकमध्ये मुख्य साठा स्टार्चचा नसून ग्लुकोमॅनन या तंतूचा असतो; तो लहान आतड्यात पचत नाही.