‘त्रास’ म्हणजे काय? : कलम ६६-अ ची गोष्ट

मंडळी, आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला. माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला १७ ऑक्टोबर २००० ला. म्हणजे आपला जिल्हा या कायद्यापेक्षा दीड वर्षानं थोरला! कायदा मुख्यतः व्यवहारासाठी होता. संगणकावरच्या कराराला, डिजिटल सहीला मान्यता हवी होती. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २००८ मध्ये, संसदेनं फारशी चर्चा न करता दुरुस्ती मंजूर केली आणि त्यात कलम ६६-अ आलं.

‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पुढे ‘त्रास’, ‘गैरसोय’ हेही शब्द. व्याख्या एकाचीही नाही. आमच्या न्यायशास्त्रात याला अतिव्याप्ती म्हणतात. शिंगं असतात ती गाय, असं लक्षण केलं की म्हैसही गायच ठरते.

ही भाषा आली कुठून? ब्रिटनच्या १९३५ च्या टपालविषयक दुरुस्ती कायद्यापर्यंत तिचं मूळ जातं. फोनवरून घाणेरडं बोलणाऱ्या, धमकावणाऱ्या लोकांसाठी तो होता. पण फोन एका माणसाच्या कानाशी वाजतो. फेसबुक म्हणजे भरला बाजार. एकाच्या कानासाठी केलेला नियम आपण अख्ख्या बाजाराला लावला.

व्हायचं तेच झालं. नोव्हेंबर २०१२, पालघर. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली. हा बंद कशासाठी, असं एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींनाही अटक!  पुढे पोलिसांनी प्रकरण बंद केलं, पण अटक व्हायची ती झालीच होती.

श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ ला न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. एकाला आक्षेपार्ह वाटेल ते दुसऱ्याला वाटणार नाही, असं निकालात आहे. मला त्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता गंमत ऐका, गंमत कसली म्हणा! २०२१ मध्ये न्यायालयापुढे आलं की ठाण्यांमधून याच कलमाखाली गुन्हे नोंदवणं सुरूच आहे. कारण काय, तर कायद्याच्या छापील पुस्तकात कलम जसंच्या तसं, आणि ते रद्द झाल्याची नोंद खाली तळटीपेत. पोलीस तळटीप वाचत नाहीत, असं महान्यायवादींनीच सांगितलं. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.