विळ्यासारखी रक्तपेशी

मुलांनो, रक्तातली तांबडी पेशी दिसते कशी? कणकेचा छोटा गोळा दोन्ही बाजूंनी अंगठ्याने दाबला तर होईल तशी. तिला केंद्रक नसते, म्हणून आतली बहुतेक जागा हिमोग्लोबिनला मिळते. ती इतकी मऊ असते की स्वतःपेक्षा अरुंद नळीतूनही वाकून निघून जाते. साधारण १२० दिवस जगते. तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या हाडांच्या मगजाने लाखो नव्या पेशी तयार केल्या आहेत.

पण म्हसावद, धडगाव, अक्कलकुवा या आपल्या सातपुड्याच्या भागात काही मुलांच्या पेशी वेगळ्या असतात.

डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा, दंतवैद्यक शिकणारा तरुण दाखल झाला. शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात वाकड्या, टोकदार पेशी दिसल्या. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ते छापले. त्या पेशी विळ्यासारख्या, म्हणून नाव पडले सिकलसेल. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनमध्येच असल्याचे दाखवले. पुढे कळले की १४६ मण्यांच्या माळेतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. एवढ्याने पेशी ताठ होते, बारीक नळीत अडकते, हातपाय असह्य दुखतात.

भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. आपल्याकडे भिल्ल, पावरा समाजांत तो आढळतो. कुणाच्या शापाने किंवा कुणी काही केल्याने तो होत नाही, हे मी दवाखान्यात रोज सांगतो. उलट, १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेत दाखवले की ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा बदल मिळतो, त्याला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. जिथे मलेरियाचे रान, तिथे हा बदल पिढ्यान् पिढ्या टिकला, तो यामुळे.

असा वाहक आजारी नसतो; धावतो, खेळतो, शेतात राबतो. मात्र आईवडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्न ठरवण्याआधी रक्त तपासा, असे आम्ही म्हणतो. १ जुलै २०२३ पासून देशभर मोहीम सुरू आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

आणि तुमच्या वर्गात असा मित्र असेल तर लक्षात ठेवा: अंगातले पाणी कमी झाले किंवा थंडी वाजली की त्याच्या पेशी लवकर वाकतात. त्याला तासाच्या मधेही पाणी प्यायला उठावे लागते.