जोहाराला उत्तर नव्हते

'जोहार' हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. शिव्या उच्चारल्या जातात, हा शब्द नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या वस्तीत माझ्या आज्याच्या पिढीने तो शेवटचा वापरला, बापाच्या पिढीने टाकला आणि मला तो पुस्तकात भेटला. घराण्यातला पहिला पदवीधर मी, तेव्हा पुस्तकात भेटण्याचा मानही माझाच.

पुस्तकात मात्र तो एकटा भेटत नाही. शाळेच्या इतिहासात १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जोहार भेटतो. पुढच्या वर्गात चितोडच्या राजपूत स्त्रिया जोहार करून आगीत उड्या घेतात. संतवाङ्मयाच्या पेपरात चोखोबा विठ्ठलाला जोहार घालतात. आणि २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर द्रौपदी मुर्मू आपल्या पहिल्याच भाषणात देशाला जोहार म्हणतात. चारही ठिकाणी आपण मराठीत तीच तीन अक्षरे लिहितो. माझे विद्यार्थी विचारतात, "सर, सिद्दी जोहार आपल्यातला होता का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाला आपल्या माणसाच्या तोंडचा शब्द एका सेनापतीच्या नावात सापडतो आणि त्याची छाती फुगते. म्हणून या चार जोहारांची भावकी एकदा तपासून पाहिली पाहिजे.

सिद्दीचा जोहार आपला नव्हे. तो मूळचा फार्सी 'गौहर', म्हणजे रत्न. अरबीत 'ग' हा उच्चार नाही, म्हणून अरबांनी त्याचा 'जौहर' केला आणि त्या रूपात तो पुन्हा फार्सीत, उर्दूत, तुर्कीत गेला. अरब तत्त्वज्ञांनी तोच शब्द 'द्रव्य', 'मूलतत्त्व' या अर्थाने राबवला. उर्दूत माणसाचे अंगचे कसब म्हणजे जौहर, आणि पोलादी तलवारीच्या पात्यावर उमटणारी नक्षी म्हणजेही जौहर. त्याचे अनेकवचन 'जवाहिर'. त्यातूनच आपले जडजवाहीर आणि जव्हेरी आले. मलेशियातल्या जोहोर राज्याचे नावही याच रत्नावरून पडल्याचे सांगतात. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आफ्रिकेतून विकत आणलेल्या गुलामांना मौल्यवान वस्तूंची नावे ठेवण्याची मुसलमानी राजवटींत रीत होती. याकूत म्हणजे माणिक, काफूर म्हणजे कापूर, अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य. ज्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, वसवले तो मलिक अंबर हबशी होता, बाजारात विकला गेलेला होता, आणि त्याचे नाव धन्याने दिलेले होते. माणसाचे मोल करणाऱ्यांनी त्याला रत्नाचे नाव द्यावे, हा विनोद आपल्या मुलखाला परका नाही.

राजपुतांचा जोहार आणखी निराळा. त्याची मान्य व्युत्पत्ती 'जतुगृह', म्हणजे महाभारतातले लाक्षागृह. दोन स्वरांमधला 'त' गळाला, 'गृहा'चे 'घर' आणि 'घरा'चे 'हर' झाले आणि 'जउहर' उरले. शब्द असे झिजतात, हे भोकरदन तालुक्यातल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. सातवाहनकाळी भरभराटीला आलेल्या 'भोगवर्धना'चेच आज भोकरदन झाले आहे.

हिब्रूत 'झोहर' म्हणजे तेज. तेराव्या शतकात स्पेनमध्ये प्रकट झालेला यहुदी गूढवाद्यांचा एक ग्रंथ त्या नावाचा आहे. उच्चाराचे साम्य एवढाच त्याचा आपला संबंध. तो बाजूला ठेवू.

उरतो नमस्काराचा जोहार. हा उत्तर हिंदुस्थानात फार जुना आणि फार पसरलेला आहे. 'जयकार' हा त्याचा उगम असावा, असे अभ्यासकांचा एक पक्ष मानतो. तुळसीदासांच्या रामचरितमानसात कोल-किरात रामाला जोहार करतात आणि गावचे लोकही करतात. म्हणजे सोळाव्या शतकात, निदान अवधीत, हा शब्द केवळ पायरीखालच्यांचा नव्हता. मग महाराष्ट्रात तो महारांच्याच गळ्यात का राहिला?

त्याचे उत्तर भाषाशास्त्रात मिळणार नाही. येथे नमस्कारही वतनासारखा वाटून दिलेला होता. ब्राह्मणाचा नमस्कार, कुणब्या-मराठ्याचा रामराम, महाराचा जोहार. आपल्या वाट्याचा शब्द सोडून दुसऱ्याचा उचलणे हा गुन्हा होता, आणि हे मी अलंकाराने म्हणत नाही. सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवू लागले, धोतराला ब्राह्मणी पद्धतीने कासोटा घालू लागले आणि 'नमस्कार' म्हणू लागले, तेव्हा पेशव्यांच्या अमलात ते मोडून काढले गेले. इतकेच नव्हे, तर मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनही १७७९ साली तेथील सोनारांवर बंदीहुकूम काढवला गेला. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात हे उदाहरण मुद्दाम दिले आहे. हाती सोने असलेल्या जातीला एका शब्दासाठी सरकारी हुकूम भोगावा लागला, तर हाती येसकराची काठी असलेल्याने कोणता शब्द निवडायचा होता?

आमचा आजा १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी मिसरूड फुटलेला गडी होता. आमचा भाग तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा १९८१ चा. तो सांगे, जोहार लांबूनच घालायचा, वाकून, पायातले हातात घेऊन. मी त्याला विचारले, "मग समोरचा काय म्हणायचा?" आज्याला प्रश्नच कळला नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाला, "काय म्हणंल? काम सांगंल." सरपण फोडायचे, टपाल पुढच्या गावी न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे. जोहाराला जोहार असे उत्तर कधीच नव्हते. रामरामाला रामराम होता, नमस्काराला नमस्कार होता किंवा आशीर्वाद होता. व्याकरणाच्या पुस्तकात न सापडणारा हा फरक माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हा एकतर्फीपणा चोखोबांच्या रचनेत स्पष्ट दिसतो. चौदाव्या शतकातला हा माणूस देवाशी बोलायला बसतो आणि त्याला भाषा सापडते ती वेसकराची. देवालाही तो गावच्या मालकासारखाच जोहार घालतो. भक्तीचे टीकाकार येथे नम्रता पाहतात. मला त्यात देवाच्या दारातही न सुटलेली महारकी दिसते. पुढे पैठणच्या एकनाथांनी महाराच्या तोंडी घालून 'जोहार' नावाची भारुडे लिहिली. नाथांनी महाराला चावडीपुढे उभा करून शहाणपण बोलायला लावले, त्यांची सहृदयता नाकारण्याचे कारण नाही. पण ती ब्राह्मणाने उसनी घेतलेली वाणी होती. गाणे संपले की नाथांना ती खाली ठेवता येत होती.

आणि १९३१ साल घ्या. त्या वर्षी 'संगीत कान्होपात्रा' रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांच्या गळ्यातून चोखोबांचा जोहार महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. त्याच वेळी नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसे उभी होती. २ मार्च १९३० ला सुरू झालेला तो सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. नाट्यगृहात जोहाराला टाळ्या होत्या आणि मंदिराच्या दाराला कडी होती. मराठी रसिकतेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही दोन पाने शेजारी-शेजारी लावलेली मला तरी आढळली नाहीत.

आपल्यातल्या काही जुन्या मंडळींनी जोहाराची व्युत्पत्ती 'योद्धार' अशी लावली. महार मूळचे लढवय्ये, म्हणून त्यांचे अभिवादनही योद्ध्याचे. या मांडणीमागची तळमळ मी समजू शकतो. पलटणीची दारे बंद झालेल्या जातीला आपले लढवय्येपण सिद्ध करायचे होते. परंतु समजा, उद्या ती व्युत्पत्ती निर्विवाद ठरली, तर माझ्या आज्याच्या वाकलेल्या पाठीत काय फरक पडतो? आणि ती खोटी ठरली तर आपण कमी माणूस ठरतो काय? संस्कृताच्या दारातून आलो म्हणजेच प्रतिष्ठा, हा हिशेब त्यांचा आहे. तो आपण कशाला चालवायचा?

खरे उत्तर चळवळीने दिले, आणि ते शब्दकोश न उघडता दिले. 'जय भीम' या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदासांना दिले जाते. आमच्या भागात मक्रणपूरचे नाव घेतात. कन्नड तालुक्यात ३० डिसेंबर १९३८ रोजी भाऊसाहेब मोरे यांनी भरवलेल्या परिषदेला बाबासाहेब आले होते, आणि यापुढे एकमेकांना 'जय भीम' म्हणा असे मोरे यांनी तेथे सांगितले, अशी आठवण आहे. 'जय भीम' ला 'जय भीम' हेच उत्तर. म्हाताऱ्याने पोराला घालावा, बाईने पुरुषाला घालावा, शब्द तोच परत येतो. पायातले काढावे लागत नाही.

येथे प्रश्न संपला असता, पण आदिवासींच्या जोहाराने तो पुन्हा उघडला आहे. संताळ आणि मुंडा ऑस्ट्रो-आशियाई कुळातल्या भाषा बोलतात. उरांवांची कुडुख आणि आपल्याकडची गोंडी या द्राविडी. मराठीशी या भाषांचे रक्ताचे नाते नाही, तरी 'जोहार' तेथे मानाने नांदतो आहे. गडचिरोली-चंद्रपुराकडे 'सेवा जोहार' ऐकू येते. पालघर-नंदुरबारकडे मोर्चांत 'जय जोहार' गर्जते. आदिवासी विचारवंत त्याचा अर्थ निसर्गाला आणि समोरच्या माणसाला एकत्र केलेले वंदन असा सांगतात. त्यांच्या गावात तो मालकाला घालायचा नसतो. तो एकमेकांना घालायचा असतो आणि उलटून तोच येतो.

आपल्यातले काही सुशिक्षित कार्यकर्ते संयुक्त मेळाव्यात 'जय जोहार' ऐकून अस्वस्थ होतात. गुलामगिरीचा शब्द यांनी का कवटाळला, असे एकाने मला विचारलेही. त्यांची जखम खरी आहे, पण ती आदिवासींच्या शब्दावर उगवणे अन्यायाचे आहे. आपल्या जोहाराचा मालक होता, त्यांच्या जोहाराला मालक नाही. दोन्हींचे मूळ एकच निघाले, तरी शब्दाबरोबर चावडी येतेच असे नाही.

२०२२ साली आजा नव्वदी ओलांडून होता. टीव्हीवर राष्ट्रपतींचा जोहार ऐकून तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "उभं राहून म्हनली की रं." आमच्या महाविद्यालयात किनवटकडची काही गोंड मुले आहेत. सकाळी जिन्यात भेटली की ती जोहार म्हणतात आणि मीही जोहार म्हणतो. स्टाफरूममध्ये गेल्यावर मात्र 'जय भीम' म्हणून पाहतो. दोन-तीन जण उत्तर देतात, बाकीचे 'गुड मॉर्निंग' म्हणतात.